‘सोंग’ ते ‘नाट्यपूर्ण’ : मराठी समीक्षेतील नाट्यवाचक शब्दांचा विचार

प्रास्ताविक

मराठी समीक्षेत ‘नाट्य’ या शब्दापासून सिद्ध झालेली विशेषणे विपुल आहेत. कादंबरीतील एखादा प्रसंग नाट्यपूर्ण असतो, कथेचा शेवट नाट्यमय असतो, कवितेत नाट्यात्मकता आढळते आणि जे फसले ते नाटकी ठरते. वर्गात आणि उत्तरपत्रिकांत ही विशेषणे इतकी सवयीची झाली आहेत की त्यांचा अर्थ निश्चित करण्याची गरज सहसा कुणाला जाणवत नाही. ‘नाट्यपूर्ण’ म्हणजे गुण आणि ‘नाटकी’ म्हणजे दोष, एवढे विद्यार्थी पाठ करतात. परंतु अमुक प्रसंगाला पहिला शब्द आणि तमुक प्रसंगाला दुसरा का, असे विचारल्यास ‘वाचताना तसे वाटते’ यापलीकडे उत्तर मिळत नाही, आणि हे केवळ विद्यार्थ्यांपुरते खरे आहे असे नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, नाट्याविषयी बोलण्याचे मराठीतील खरे जिवंत शब्द लोकरंगभूमीने दिलेले आहेत. सोंग, तमाशा, गोंधळ, बतावणी, भारूड हे ते शब्द होत. रोजच्या बोलण्याने त्यांना निंदेचा अर्थ दिला. समीक्षेने ती निंदा न तपासता स्वीकारली, हे शब्द बाजूला ठेवले आणि स्तुतीसाठी संस्कृतोद्भव शब्द घडवले. परिणामी, ‘हे सोंग आहे’ असे उघडपणे सांगून जे सादर केले जाते त्याचे मोल करण्यासाठी समीक्षेपाशी शब्दच उरला नाही.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. धाराशिव शहरात (तेव्हाचे उस्मानाबाद) २०१७ मध्ये ९७ वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन आणि २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. तथापि या जिल्ह्याची रंगभूमी या संमेलनांहून फार जुनी आहे आणि ती नाट्यगृहाबाहेरची आहे. तुळजापूरच्या भवानीच्या गोंधळ्यांची, परडी घेऊन फिरणाऱ्या आराध्यांची आणि पोतराजांची ही रंगभूमी होय. याच सादरीकरणांनी मराठीला दिलेले शब्द पुढे शिव्यांच्या जवळपास जाऊन बसले आहेत.

निंदेची वाटणी

नाट्यवाचक शब्दांचा अर्थ खालावणे ही केवळ मराठीची गोष्ट नाही. ढोंगी माणसासाठी इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे मूळ असलेला ग्रीक शब्द ‘हिपोक्रिटीस’ हा नटासाठी होता. पाश्चात्त्य विचारपरंपरेतील या नाट्यद्वेषावर जोनास बॅरिश यांनी १९८१ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मराठीचे वेगळेपण एवढ्याचसाठी नोंदवायचे की येथे निंदा सरसकट नाही. ती वाटून दिलेली आहे आणि ती वाटणी पाहण्यासारखी आहे.

‘काय पुराण लावलंय’, ‘तुझं कीर्तन पुरे’, ‘लांबलचक आख्यान’, ‘हे भारूड कधी संपणार’ या वाक्प्रयोगांत कोणता दोष सांगितला आहे? दोष लांबीचा आहे. पुराण सांगणारा, कीर्तन करणारा कंटाळवाणा ठरतो, परंतु तो खोटा किंवा निर्लज्ज ठरत नाही. याउलट ‘तमाशा करणे’, ‘पायात चाळ बांधणे’, ‘सोंगं करणे’, ‘नाच्या’ या शब्दांचा रोख सरळ शीलावर आहे. देवळाच्या सभामंडपात बसून वा उभ्याने जे सांगितले जाते त्याच्यावर आळ येतो तो वेळ खाल्ल्याचा. पैसे घेऊन, नाचून, वेश घेऊन जे दाखवले जाते त्याच्यावर आळ येतो तो चारित्र्याचा. भारूड या नियमाला थोडे आडवे जाते, कारण त्यात वेशही आहे आणि नाचही आहे. तरी त्यालाही केवळ लांबीचाच दोष लागला, याचे कारण एकनाथांचे नाव त्याच्या पाठीशी उभे आहे असे वाटते.

देवीच्या परिसरातील शब्दांची कथा आणखी निराळी आहे. ‘आई राजा उदो उदो’ हा तुळजापूरच्या वाटेवर ऐकू येणारा जयघोष. परंतु वर्तमानपत्री मराठीत ‘उदोउदो करणे’ म्हणजे विवेक सोडून केलेली स्तुती. मंगळवारी, शुक्रवारी पाच घरी मागितला जाणारा जोगवा हे व्रत आहे, पण निवडणुकीच्या बातमीत ‘मतांचा जोगवा’ येतो तेव्हा त्यात लाचारी सूचित होते. गोंधळात पेटती दिवटी असते, तर बोलण्यात बापाच्या जिवाला घोर लावणारे ‘दिवटे चिरंजीव’ असतात. चाबूक घेऊन अंगावर फटके ओढणाऱ्या पोतराजाची कडकलक्ष्मी ही संतापी बाईची उपाधी झाली, आणि दारोदार मान डोलावणारा नंदीबैल प्रत्येक समितीत एकेक बसलेला असतोच. हे सर्व खेळ ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले त्या जाती गावगाड्यात मागणाऱ्यांच्या होत्या. शब्दाची किंमत माणसाच्या किमतीने ठरली असे म्हणावे लागते.

नाट्यगृहाच्या पडद्यामागील शब्द मात्र वेगळ्याच ठाण्यात जमा झाले आहेत. संस्कृत नाटकात पूर्वरंग सांभाळणारा, सर्वांत विश्वासू असा सूत्रधार आज ‘कटाचा मुख्य सूत्रधार’ म्हणूनच बातमीत दिसतो. ‘अपहरणाचा बनाव’, ‘मुखवटा गळून पडला’, ‘पडद्याआडचे हात’ ही सारी पोलिसी भाषा आहे. यातील सर्वांत बोलका शब्द ‘बतावणी’ हा होय. तमाशात गण-गौळणीनंतर आणि वगापूर्वी सोंगाड्या व त्याच्या साथीदारांचा जो हजरजबाबी विनोदी संवाद रंगतो त्याचे हे नाव. परंतु ‘पोलिस असल्याची बतावणी करून वृद्धेचे दागिने लांबवले’ या ठरावीक वाक्यातच आजचा वाचक त्याला भेटतो. तमाशातील बतावणीत फसवणूक मुळीच नसते. समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असते की हा राजा नव्हे, तो फडातला माणूस आहे, आणि हशा पिकतो तो हे माहीत असल्यामुळेच.

या सगळ्या पडझडीत एक कूळ वाचले आहे. ‘रंग’ या शब्दाचे. रंगणे, रंगात येणे, रंग भरणे हे प्रयोग अजून निखळ स्तुतीचे आहेत आणि त्यांचा अभाव तो ‘बेरंग’. करणाऱ्याला उद्देशून असलेले शब्द खाली गेले, पाहणाऱ्याच्या आनंदाला उद्देशून असलेले तेवढे शाबूत राहिले.

तुळजापूरचा गोंधळ आणि देवीचे अलंकार

‘गोंधळ’ या शब्दाजवळ थोडे अधिक थांबले पाहिजे. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) देवीप्रीत्यर्थ केला जाणारा विधी आणि लाक्षणिक अर्थाने गडबड, असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. म्हणजे शब्दाची ही दोन टोके एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच निर्माण झालेली होती. आज शहरी मराठीत दुसरे टोकच शिल्लक आहे.

प्रत्यक्ष गोंधळात गडबड कितपत असते? लग्नासारख्या मंगलकार्यानंतर कुलाचार म्हणून तो घातला जातो. धान्याचा चौक भरून घट मांडतात, दिवटी पाजळतात. संबळ, तुणतुणे आणि टाळ यांच्या साथीवर आधी देवदेवतांना स्थळांच्या नावांसह आवाहन होते. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर असा अवघा धार्मिक भूगोल त्या रात्री अंगणात उतरतो. नंतर उत्तररंगात आख्यान लागते. मुख्य गोंधळी कथा सांगतो, साथीदार मध्येच अडवतो, भलतेच प्रश्न विचारतो, लोकांना हसवतो आणि पुन्हा कथेचा धागा हाती देतो. शेवटी आरती होते. गोंधळ्यांत तुळजाभवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई असे भेद मानले जातात. आरंभ, आवाहन, आख्यान, विनोदाची जागा आणि सांगता हे सारे ठरलेले असते. इतकी काटेकोर रचना असलेल्या प्रकाराचे नाव अव्यवस्थेला मिळावे हा मोठा विपर्यास होय. रात्रीच्या संबळाचा आवाज ज्यांना दुरून ऐकू आला आणि ज्यांनी जवळ जाऊन पाहिले नाही, त्यांनीच हा अर्थ रूढ केला असावा, असा माझा तर्क आहे.

बोलीने मात्र हा भेद क्रियापदांतून सांभाळला आहे. ‘गोंधळ मांडणे’ म्हणजे विधीच. ‘गोंधळ उडणे’ म्हणजे गडबडच. ‘गोंधळ घालणे’ मात्र दोन्हीकडे चालते आणि म्हणून अडचणीचे ठरते. एका विद्यार्थ्याने रजेच्या अर्जात ‘घरी गोंधळ घालायचा असल्यामुळे’ असे कारण लिहिले होते. तो अर्ज कार्यालयात हातोहात फिरला आणि त्यावर हसू झाले. विद्यार्थी गोंधळी कुटुंबातला होता आणि त्याचे वाक्य व्याकरणाने, अर्थाने, परंपरेने सर्वस्वी बिनचूक होते. हसणाऱ्यांना शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. पुढच्या अर्जात त्याने ‘धार्मिक कार्यक्रम’ असे लिहिले. शब्द बदलला की सादरीकरणाचे नावच पुसले जाते, ही गोष्ट येथे लहान प्रमाणात घडली.

आता याच तुळजापुरातील दुसरे उदाहरण घेऊ. शारदीय नवरात्रात तुळजाभवानीची अलंकार महापूजा बांधली जाते. त्यात रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशायी अलंकार, भवानी तलवार अलंकार, महिषासुरमर्दिनी अलंकार अशी रूपे असतात. मुरली अलंकारात भवानी कृष्णाच्या रूपात दिसते, शेषशायी अलंकारात विष्णूच्या. भवानी तलवार अलंकारात छत्रपती शिवाजी महाराजांना तलवार देण्याचा प्रसंगच उभा केला जातो. एका देवतेने दुसऱ्या देवतेचे रूप घ्यावे आणि हजारो लोकांनी ते रूप म्हणून ओळखून पाहावे, याहून अधिक नाट्यधर्मी गोष्ट कोणती? परंतु तिला कुणी वेश म्हणत नाही, सोंग तर नाहीच. तिला ‘अलंकार’ हा काव्यशास्त्रातलाच शब्द आहे. गाभाऱ्यात रूप घेतले तर अलंकार आणि बाहेर त्याच देवीच्या भक्ताने रूप घेतले तर सोंग. रूप घेणे ही क्रिया तीच आहे, शब्दाचा दर्जा बदलला आहे. (देवीला काही म्हणावे असा येथे हेतू नाही, हे सांगण्याची वेळ येऊ नये, परंतु सांगून ठेवतो.)

एकनाथांच्या भारुडांबाबत समीक्षेने नेमके हेच केले. सोळाव्या शतकातील या कवीने वासुदेव, जोशी, गोंधळी अशा लोकभूमिका घेऊन प्रथमपुरुषी रचना केल्या. भारूडकार आजही म्हणतो की आपण ‘सोंग काढतो’. परंतु अभ्यासक्रमातील टिपणांत या रचनांचे वर्णन ‘आध्यात्मिक रूपक’ असे येते. रूपक ही संज्ञा चुकीची नाही. मात्र तिच्यामुळे या रचनेतील देह, वेश, आवाज आणि समोरचा समाज बाद होतो आणि केवळ दोन अर्थांचे समीकरण उरते. भारूड कळते, ते दिसत नाही.

‘नाटकी’ हा दोष कसा झाला

भरताच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद आहे. लोकव्यवहाराच्या जवळ जाणारी रीत ती लोकधर्मी, संकेतांनी, नृत्यगीतांनी, अतिशयाने चालणारी रीत ती नाट्यधर्मी. यांतील दुसरी रीत हा दोष नव्हे. उघडपणे नाट्य असलेल्या गोष्टीसाठी निंदारहित शब्द आपल्यापाशी इतका जुना आहे. तथापि तो नाट्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेपुरता राहिला, आणि ललित साहित्याचा विचार करताना ‘नाटकी’ या शब्दाने त्याची जागा घेतली.

हे कसे घडले, याचा माग मराठी रंगभूमीने स्वतःच्या भूतकाळाला दिलेल्या नावांतून लागतो. विष्णुदास भावे यांनी सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्या परंपरेतील नाटकांना पुढे ‘तागडथोम’ आणि ‘अललडुर्र’ अशी नावे पडली. एक नाव मृदंगाच्या बोलांवरून, दुसरे राक्षसपार्टीच्या आरोळीवरून. नवशिक्षित प्रेक्षकांनी जुन्या नाटकाला त्याच्या आशयावरून नव्हे तर त्याच्या आवाजावरून नाव दिले, हे लक्षणीय आहे. गोंधळाचे जे झाले तेच येथे झाले. त्यांच्याहून आपण वेगळे हे सांगण्यासाठी ‘बुकिश नाटक’ ही संज्ञा आली. वि. ज. कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) हे त्या वळणाचे आरंभीचे नाटक. लिहिलेले ते प्रतिष्ठित आणि ऐकू येणारे ते ओबडधोबड, ही विभागणी तेव्हापासूनची आहे. १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ आले आणि गाण्याला प्रतिष्ठा मिळाली, पण आरोळीला मिळाली नाही. पुढे १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले आणि वास्तववादी अभिनयाचा आदर्श समोर ठेवला. त्यानंतर तर रंगभूमीवरील अभिनयालाही ‘नाटकी’ म्हणून हिणवता येऊ लागले. नाटकाने नाटकासारखे दिसू नये, असा हा आदर्श होता.

विसाव्या शतकाच्या मध्याला तमाशाचे ‘लोकनाट्य’ असे नामांतर रूढ झाले. अण्णा भाऊ साठे यांच्या लेखणीने तमाशाला जो सामाजिक आशय दिला त्याचा या प्रतिष्ठेत मोठा वाटा आहे, आणि ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या वसंत सबनिसांच्या वगनाट्याने पांढरपेशा प्रेक्षक त्याकडे वळवला. येथेही ‘नाट्य’ हा प्रत्यय प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र म्हणून जोडला गेला. पुढे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) आणि ‘महानिर्वाण’ (१९७४) यांनी खेळे, कीर्तन इत्यादींचा जो उपयोग केला त्याला समीक्षेने ‘प्रयोगशील’ म्हटले, आणि ते योग्यच होते. प्रश्न एवढाच की, तीच रीत जिथून आली तिथे ती कोणत्या विशेषणाने ओळखली जाते? बहुधा ‘रंजनपर’.

वर्तमानपत्रांनी अलीकडे ‘नाट्य’ शब्दाचीही वाट लावण्यास आरंभ केला आहे. ‘सत्तानाट्य’ हा शब्द २०१९ च्या राजकीय घडामोडींत सर्रास वापरला गेला आणि तो तटस्थ होता. पण ‘राजीनामानाट्य’ म्हटले की राजीनामा खरा नव्हता असे सुचते. ‘तापमानात नाट्यमय घट’ असे वाक्य तर मराठीचे कानच नसल्याचे लक्षण होय. कमालीची, एकाएकी, विलक्षण हे शब्द असताना तापमानाला रंगभूमीवर चढवण्याचे कारण नाही.

नटसम्राटाच्या घरात

‘नाटकी’ आणि ‘नाट्यपूर्ण’ यांची सीमारेषा कोठे आहे, हे पाहण्यासाठी वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) इतके सोयीचे नाटक नाही. गणपतराव बेलवलकर घरातही रंगभूमीवरच्या भाषेत बोलतात. त्यांनी केलेल्या भूमिका त्यांच्या बोलण्यातून उठून येतात. प्रेक्षागृहातील माणसाला ती स्वगते नाट्यपूर्ण वाटतात. मुलाच्या आणि मुलीच्या घरात मात्र तेच बोलणे म्हाताऱ्याची नाटके म्हणून अंगावर येते. एकच वाक्य एकाच क्षणी दोन ठिकाणी ऐकले जाते आणि दोन विशेषणे मिळवते. मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो तो काही केवळ कथानकाचा धक्का नव्हे. ज्याने आयुष्यभर सोंगे घेतली त्याचे दुःखही सोंगच असणार, हा घराचा न्याय त्या आळात पूर्ण होतो. बहुतेक समीक्षकांनी या नाटकाला भावविवशतेचा दोष दिला आहे वा त्या दोषातून त्याला सोडवले आहे. माझ्या मते नाटकाचा विषयच हा दोषारोप आहे. नटाला घरात नट राहता येत नाही, कारण घराच्या भाषेत नट या शब्दाचा अर्थ फसवणारा असा झालेला आहे.

आनंद यादवांच्या ‘नटरंग’ (१९७८) कादंबरीत हाच प्रश्न अधिक कठोर होतो. पहिलवानी देहाचा गुणा फड टिकावा म्हणून नाच्याची भूमिका घेतो आणि भूमिकेचा शब्द त्याच्या अंगाला कायमचा चिकटतो. बेलवलकरांना निदान ‘सम्राट’ ही उपाधी होती. गुणाला शब्दाच्या बाहेर पडण्याची वाटच नाही.

सोंग कशाचे?

या गुंत्यातून बाहेर पडण्यासाठी नवी संज्ञा घडवण्याची गरज नाही. बोलीत ‘सोंग’ हा शब्द कसा चालतो ते नीट पाहिले तरी बरेच हाती लागते. झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. आजाराचे सोंग, वेडाचे सोंग, गरिबीचे सोंग ही सारी निंदेची उदाहरणे आहेत, आणि या सर्वांत सोंग आहे ते अवस्थेचे. आता दुसरीकडे पाहावे. रावणाचे सोंग, वाघाचे सोंग, वासुदेवाचे सोंग. ही काढली जातात, नाचवली जातात, आणि साधली तर ‘वठतात’. येथे सोंग आहे ते कुणाचे तरी, व्यक्तीचे. अवस्थेचे सोंग लपवावे लागते, व्यक्तीचे सोंग दाखवावे लागते. पोलिस असल्याची बतावणी करणारा भामटा हा या भेदाला छेद देतो खरा, कारण तोही व्यक्तीचेच सोंग घेतो. परंतु ते पाहणाऱ्यापासून लपवलेले आहे, म्हणून ते पहिल्या गटात जाते. घरात आजी नातवाला ‘लई सोंगाडी हाय गं लेकरू’ म्हणते तेव्हा सोंग उघड असते आणि म्हणून शब्द लाडाचा होतो.

हा भेद समीक्षेत आणला तर ‘नाटकी’ या दोषाला काही नेमका अर्थ येतो. लेखनात जेथे दुःख, पश्चात्ताप, क्रोध या अवस्थांचे सोंग लेखक स्वतः आणतो आणि ते सोंग असल्याचे झाकू पाहतो तेथे लेखन नाटकी होते. जेथे तो कुणाचे तरी सोंग घेतो आणि ते सोंग वठते तेथे ते कितीही मोठ्या आवाजात असले तरी नाटकी होत नाही. आवाजाची पट्टी, शब्दांची गर्दी, टाळ्यांची वाक्ये यांवरून दोष ठरवण्याची सवय मग सोडावी लागेल. नटसम्राटाच्या मुलीने व्यक्तीची सोंगे अवस्थेची समजून ऐकली, हीच तिची चूक होती.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले आणि तेव्हापासून त्यावर भडकपणाचा आक्षेप घेतला जातो. तो आक्षेप सबंध नाटकावर सारखा लागू होत नाही, असे वरील भेदावरून दिसते. तळीराम हे उघड उघड सोंग आहे. त्याचे तर्कट, त्याच्या कोट्या, दारूचे शास्त्र मांडण्याची त्याची ऐट ही तमाशातील सोंगाड्याच्या कुळातली आहेत. अतिशय हाच त्याचा धर्म आहे आणि तो पूर्ण वठतो. सुधाकराचे तसे होत नाही. पूर्वार्धातील मानी वकील हे व्यक्तीचे सोंग आहे. उत्तरार्धात मात्र त्याच्या तोंडून पश्चात्ताप नावाची अवस्थाच बोलू लागते, वाक्ये सुधाकराची न राहता गडकऱ्यांची होतात आणि समर्थ नटालाही ती परत सुधाकराकडे आणताना प्रयास पडतो. ‘नाटकी’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो या भाषणांपुरता वापरावा.

सिंधूपाशी हा निकष अडतो, हे मान्य केले पाहिजे. तिचे सोसणे ही अवस्था म्हणावी तर संहितेत ती जवळजवळ केवळ अवस्थाच आहे. पतिनिष्ठेपलीकडे तिला स्वतःचा स्वभाव फारसा दिलेला नाही. तरीही बालगंधर्वांनी ही भूमिका केली तेव्हा प्रेक्षागृह रडत असे. समोर पुरुष आहे हे त्या प्रेक्षकांतील प्रत्येकाला ठाऊक होते. संहितेत जी व्यक्ती नव्हती ती नटाच्या उघड सोंगाने पुरवली होती.